पाण्याचा आवाज येत नाही

माझा नवरा हात धुण्यात कधी चुकला नाही. एवढं एक वाक्य मी आधी लिहून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. कंपनीच्या ॲपने त्याला आठवड्यामागून आठवडे पैकीच्या पैकी गुण दिले, त्याचा फोटो नोटीस बोर्डावर लागला, आणि दुसऱ्या लाटेत तो त्याच रोगाने गेला. लोकांसमोर मी त्याला ‘अहो’ म्हणायचे. लिहिताना ‘तो’ म्हणते आहे. भांडताना मी त्याला एकेरीच बोलायचे, आणि आमचं भांडण अजून संपलेलं नाही.

आम्ही चिखलीत भाड्याने राहतो. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, आणि जिन्याखाली चार बिऱ्हाडांत मिळून एक मोरी. शेजारी खिडक्यांच्या जाळ्या बनवणारं वर्कशॉप आहे, त्यामुळे दिवसभर ग्राइंडरचा आवाज. मी घरी पिको-फॉलची मशीन चालवायचे. नवरा कुरुळीच्या पुढे एका कंपनीत प्रेसवर होता. पत्रा ठेवायचा, बटण दाबायचं, दाबून निघालेली पट्टी उचलायची, पुन्हा पत्रा ठेवायचा. ती पट्टी गाडीत कुठे बसते हे त्याला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. मुलगी तेव्हा चौथीत होती. आणि पुढच्या खोलीत, दाराजवळच्या लोखंडी कॉटवर, माझे सासरे.

सासरे तरुणपणी लातूरकडून भोसरीत आले आणि फाउंड्रीत लागले. वाळूचे साचे भरायचे, लोखंड ओतायचं, साचे फोडायचे, आणि ती धूळ छातीत घ्यायची, हे त्यांनी आयुष्यभर केलं. मोरीपर्यंत जाऊन आले तरी कॉटवर बसून श्वास परत यायची वाट बघायचे. फाउंड्रीची एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. “पंखे व्हते की भितीत. हे येवढाले. पन वाळू उडती म्हनून बंद ठिवायचे. समोरचा मानूस दिसायचा न्हाई.” नवऱ्याला ही गोष्ट पाठ होती. सासऱ्यांनी सुरुवात केली की तो मागून ‘हे येवढाले’ असा हात करून मुलीला हसवायचा.

सासऱ्यांना सहीपुरतं येतं, वाचता येत नाही. टीव्हीवर खालून पळणारी अक्षरं नात त्यांना वाचून दाखवायची. रोग आला तेव्हा त्या अक्षरांत रोज तेच असायचं, की म्हाताऱ्यांना जास्त धोका, छातीच्या पेशंटला जास्त धोका. आमच्याकडे दोन्ही एकाच कॉटवर होतं. पोरगी वाचता वाचता मध्येच थांबायला लागली. नवऱ्याने टीव्ही बंद केला आणि स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला, “आबांना मी हे लागू देणार नाही.” पुढे त्याने जे जे केलं, ते ह्या एका बोलण्यापायी केलं.

कंपन्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा आमच्या दारात बादली आली. शिफ्ट सुटून घरी आला की तो उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. मी बादली, साबण, टॉवेल जिन्याखाली ठेवायचे, तो तिथे अंघोळ करायचा, कपडे तिथेच भिजत टाकायचा, आणि मग आत यायचा. आत आला तरी सासऱ्यांच्या कॉटला वळसा घालून, भिंतीला चिकटून चालायचा. सासरे चिडायचे. “मी काय मारका बैल हाव का?” तो हसायचा, पण जवळ जायचा नाही.

घरमालकीण चिखलीतलीच, जुन्या गावकीतली. एक दिवस ती वरून ओरडली, “आगं ये, कितींदा धुता हात? टाकी काय तुमच्या एकट्याची हाय व्हय?” तिचंही खोटं नव्हतं. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. येतं त्या दिवशी पिंप, हंडे, कळश्या, कुकरची भांडीसुद्धा भरून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी तांब्या-तांब्याने पुरवायचं. मी खाली उभी राहून तिला म्हटलं, “आमच्या घरात छातीचं माणूस आहे.” ती आत गेली. पुढे पाण्यावरून बोलली नाही, मात्र टाकीवर येऊन झाकण वाजवून जायची.

मग ॲप आलं. कंपनीने सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घालायला लावलं. उघडलं की निळ्या थेंबाचं चित्र. त्याच्यावर बोट ठेवायचं, फोन नळाजवळ ठेवायचा आणि हात धुवायचे. फोन पाण्याचा आवाज ऐकायचा. वीस सेकंद आवाज आला की एक बाई बोलायची, “शाब्बास! तुमचे हात आता स्वच्छ आहेत.” आवाज आला नाही तर तीच बाई, त्याच गोड सुरात, “पाण्याचा आवाज येत नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.” दर तासाला फोन टिंग करून आठवण करायचा, कंपनीत आणि घरीही. गुण माणसाला मिळायचे आणि त्यांची बेरीज लाइनला, म्हणजे एका रांगेतल्या प्रेसवरच्या सगळ्यांना मिळून. एकाने चुकवलं की सगळ्या लाइनचा आकडा उतरायचा, आणि दर शुक्रवारी, म्हणजे गुरुवारच्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, कुठली लाइन पुढे ते बोर्डावर लागायचं.

मला ते ॲप पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. त्या बाईचा सूर ऐकला की वाटायचं, हिच्या घरी चोवीस तास नळ असणार. पण नवऱ्याला आवडलं. तो ज्या गोष्टीला घाबरत होता तिच्यावर करता येण्यासारखं काहीतरी त्याला कुणीतरी हातात दिलं होतं. टिंग वाजलं की जेवता जेवता उठायचा. बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, मनगटापर्यंत. प्रेसवरच्या माणसाचे हात ते, तेलाने काळे पडलेले. त्या महिन्यांत पांढरे पडले आणि सांध्यांवर चिरा गेल्या. मी खोबरेल लावून द्यायचे. लावून झालं की पुन्हा टिंग वाजायचं.

पाणी नसलेल्या दिवशी पंचाईत व्हायची. तांब्याने पाणी ओतलं की फोनला तो नळ वाटायचा नाही. मुलगी वरून धार धरायची, तो हात चोळायचा आणि बाई म्हणायची, “पाण्याचा आवाज येत नाही.” आम्ही तिघं मोरीत उभे आणि ही आम्हाला पुन्हा प्रयत्न करायला सांगतेय. एकदा मी फोनला म्हटलं, “आम्हालाही येत नाही गं बाई, महापालिकेला विचार.” तेव्हा तो पोट धरून हसला होता.

त्यावर तोड त्याच्या सुपरवायझरने काढली. लाइनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने नळाचा आवाज टाकला. त्याच्या सोसायटीतल्या बेसिनचा, चांगला दणदणीत. खाली लिहिलं, “ज्यांच्या एरियात पाणी नाही त्यांनी वापरा, स्कोअर पडला नाही पाहिजे.” म्हणजे एका फोनवर नळ वाजवायचा, दुसऱ्या फोनने तो ऐकायचा. कुरुळीत, चिखलीत, मोशीत, जिथे जिथे त्या लाइनची माणसं राहत होती तिथे तिथे तो एकच नळ वाहायला लागला. आमच्याकडे माझ्या फोनवर वाहायचा. नवरा मात्र तेवढ्यावर समाधान मानायचा नाही. फोन फोनला ऐकवायचा आणि स्वतः बाजूला तांब्यातल्या पाण्याने खरे हात धुवायचा. “गुण कंपनीला, हात आबांसाठी,” म्हणायचा.

कंपनीत उलटी अडचण होती. तिथे पाणी होतं, पण प्रेसचा आवाज एवढा की शेजारच्याशी बोलायचं तरी कानाशी तोंड न्यावं लागायचं. प्रेस चालतात त्या शॉपमधल्या बेसिनवर फोनला पाणी ऐकूच यायचं नाही. म्हणून हात धुवायला आतली खोली ठरली. पूर्वी तिथे कपडे बदलायचे. एका भिंतीला ओळीने नळ, वर उंचावर हवा बाहेर टाकणारा पंखा, खिडकी नाही. दार लावून घेतलं की प्रेसचा आवाज निम्मा व्हायचा. तरी फोनला जमेना, कारण तो पंखा जुना होता आणि खडखडायचा. शिफ्ट बदलताना येणारे आणि जाणारे दोन्ही त्या खोलीत, सगळ्यांचे फोन ओळीने कट्ट्यावर, आणि सगळ्या फोनमधून बाई सांगतेय, पाण्याचा आवाज येत नाही.

एका संध्याकाळी तो खुशीत घरी आला. अंघोळ करून आत आल्या आल्या म्हणाला, “आज मी एक शोध लावला.” त्याने त्या खोलीतला पंखा बंद करून बघितला होता. पंखा बंद, दार बंद, सगळ्यांनी बोलणंही बंद, आणि सगळे फोन एकामागून एक ‘शाब्बास, शाब्बास’ करायला लागले. सुपरवायझरने पाठ थोपटली. ग्रुपवर त्याचा फोटो टाकला, अंगठा वर केलेला. त्या शुक्रवारी त्यांची लाइन पहिली आली आणि प्रत्येकाला स्टीलचा डबा मिळाला. त्या डब्यात मी अजून तूरडाळ ठेवते.

पण लोक पंखा बंद करायला विसरायचे. म्हणून त्याने पाटी लिहायची ठरवली. मुलीच्या चित्रकलेच्या वहीतला एक कागद मागून घेतला. मागच्या बाजूला तिचं अर्धवट राहिलेलं नारळाचं झाड होतं. स्वयंपाकघरात ओट्यावर कागद पसरून, हिरव्या स्केचपेनने, एकेक अक्षर घोटून त्याने लिहिलं: ‘हात धुताना पंखा बंद ठेवा.’ त्याचं अक्षर चांगलं होतं. शाळेत फळ्यावरचा सुविचार त्याच्याकडेच असायचा, हे त्याने मला लग्नाच्या पहिल्या वर्षात इतक्यांदा सांगितलं होतं की मी कंटाळले होते. मी पोळ्या लाटत होते. “आधी माझा ओटा रिकामा करा,” एवढंच म्हणाले. मुलीने चिकटपट्टी दिली. दुसऱ्या दिवशी कागद त्या खोलीत, बटणांच्या वर लागला.

आता मला कुणी विचारेल, त्या वेळी काही सुचलं नाही का? नाही सुचलं. मला नाही, त्याला नाही, इंजिनिअर असलेल्या त्याच्या साहेबांना नाही. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात हात बसले होते. भाजी धुवा, पिशवी धुवा, कडी पुसा, नोटा उन्हात टाका. रोग हातावर बसून येतो अशी आमची पक्की समजूत होती, आणि हात तर स्वच्छ होते. पुढच्या खोलीत सासरे पोरीला तीच गोष्ट सांगत असायचे, पंखे व्हते की भितीत. आम्ही दोघंही रोज ती ऐकत होतो.

पहिली लाट आमच्या दारावरून गेली. गल्लीतली माणसं गेली, आमच्या घरात कुणाला शिंकही आली नाही. सासऱ्यांची तब्येत उलट सुधारली, कारण कुणी बाहेर सोडेना आणि पोरगी वेळेवर औषध द्यायची. नवरा म्हणायचा, “बघ, जमतंय.” मलाही वाटायला लागलं होतं की जमतंय. ॲपच्या बाईला मी शिव्या द्यायचं बंद केलं.

दुसऱ्या लाटेत कंपनी बंद ठेवली नाही. ऑर्डर होती. लाइनवरचा एक जण खोकायला लागला, मग दुसरा. जे आजारी पडले त्यांच्या जागी ठेकेदाराची नवी माणसं आली, आणि त्यांनाही पहिल्या दिवशी खोली, फोन आणि कागद दाखवला गेला. दार बंद, पंखा बंद, मास्क भिजतो म्हणून हनुवटीवर, आणि बाईच्या शाब्बासकीची वाट बघत सगळे गप्प उभे. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की नवरा घरी येऊन पूर्वीपेक्षा जास्त वेळ मोरीत थांबतो.

एक दिवस तो उंबऱ्याबाहेरच थांबला आणि म्हणाला, “बादली नको. मी आत येत नाही.” अंगात ताप होता. जिन्याच्या पायरीवर बसून त्याने आधी सासऱ्यांना बाहेर काढायची व्यवस्था केली. घरमालकीण वरून सगळं ऐकत होती. ती खाली आली, पदर नाकाला लावून, आणि म्हणाली, “म्हाताऱ्याला आमच्या वसरीत आना. आमी बघतो. पानी बी हाय आन् जागा बी हाय.” टाकीचं झाकण वाजवणारी हीच बाई. मी तिच्या पाया पडायला गेले तर मागे सरकली. “लांबून, लांबून,” म्हणाली. सासरे वर जाताना दर पायरीला थांबत होते आणि वळून त्याच्याकडे बघत होते. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून, त्या हातांकडे बघत होता.

“मी एकदापण चुकवलं नाही,” मला म्हणाला. एखाद्या पोराने अभ्यास करूनही नापास व्हावं तसा चेहरा झाला होता त्याचा.

बेड मिळवायला जे सगळ्यांनी केलं ते आम्हीही केलं. त्याच्या भावाने, माझ्या भावाने, सुपरवायझरनेसुद्धा फोन लावले. शेवटी एका दवाखान्यात मिळाला. आत सोडत नव्हते. तो व्हिडिओ कॉल करायचा. तोंडावर मास्क, मागे भिंत. बोलला की धाप लागायची, म्हणून मीच बोलायचे, भाजी काय केली, पोरीने काय केलं, आबा जेवले. आबा बरे आहेत हे मी प्रत्येक वेळी दोनदा सांगायचे. ते ऐकलं की तो डोळे मिटायचा.

एकदा बोलता बोलता त्याचा फोन टिंग वाजला. त्याने स्क्रीनवर बोट ठेवलेलं मला दिसलं, सवयीने ठेवलं असणार. मग थोड्या वेळाने ती बाई बोलली, त्याच्या उशाजवळून, गोड सुरात. “पाण्याचा आवाज येत नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.” मागे कुणाचं तरी मशीन टुकटुक करत होतं. मी म्हटलं, “अहो, काढून टाका ना ते आता.” त्याने मान हलवली. मास्कमधून काय म्हणाला ते मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं. “लाइनचा स्कोअर,” म्हणाला. मी फोनवर ओरडले त्याच्यावर. लाइन गेली खड्ड्यात, म्हणाले. ते आमचं शेवटचं बोलणं. मला त्याचा पश्चात्ताप होत नाही. मी अजूनही तेच म्हणेन, आणखी मोठ्याने म्हणेन.

तो गेल्याचा फोन सकाळी आला. पुढचं सगळं पीपीई किटमध्ये पॅक झालेल्या माणसांनी केलं. आम्हाला लांबून बघू दिलं, पण जे दिसलं ते कुणाचंही असू शकलं असतं. सासऱ्यांना वर जाऊन मीच सांगितलं. त्यांनी विचारलं, “मला कामून न्हाई झालं?” मला, घरमालकिणीला, भिंतीला, सगळ्यांना विचारत राहिले. त्यांना साधा तापही आला नव्हता. ज्याच्यासाठी सगळं केलं तो माणूस राहिला. म्हणजे नवऱ्याने शब्द पाळला, असं म्हणायला हवं. तेव्हा मला ते म्हणता आलं नाही, सासऱ्यांचा रागच आला. दोन-चार दिवस मी त्यांच्या समोर ताट ठेवून निघून यायचे. हा राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं, आणि ते हाताशी होते.

पुढे टीव्हीवर सांगायला लागले की हा रोग हवेतून पसरतो, बंद खोलीत जास्त पसरतो, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, पंखे चालू ठेवा. मी पोळी करता करता ऐकलं. तवा उतरवून खाली बसले. ओट्यावरचा तो कागद मला जसाच्या तसा दिसला, हिरवी अक्षरं आणि मागचं नारळाचं झाड.

सुपरवायझर त्याचं सामान द्यायला आला तेव्हा सासरे अजून वरच राहत होते. पिशवीत सेफ्टी शूज होते, डबा होता, एक टॉवेल. दारातच उभा होता, डोळे भरलेले. वाईट माणूस नव्हता. मी विचारलं, “भाऊ, त्या खोलीतला पंखा का बंद केला होता?”

तो गोंधळला. “ॲपला पाणी ऐकू यायचं नाही ना वहिनी. सगळ्या लाइनचा स्कोअर जायचा.”

“अहो, पण माणसं होती ना आत?”

“हात धुवायलाच होती,” तो म्हणाला. मग त्याच्या तोंडावर काहीतरी आलं आणि गेलं. “तेव्हा कुणाला माहीत होतं? आणि आयडिया तर त्याचीच...” तिथे थांबला. मी त्याला काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती, हे सुपरवायझर निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. मी तिला एवढंच म्हटलं, “आबांना सांगू नको.” तिने मान हलवली आणि बापाचे शूज कॉटखाली नेऊन ठेवले.

सासऱ्यांना का सांगायचं नाही, हे मला तिला समजवावं लागलं नाही. ज्या माणसाची छाती बंद पंख्याखाली गेली, त्याच्याच मुलाने स्वतःच्या हाताने पंखा बंद केला, आणि तो कुणासाठी, हे त्यांना कोण सांगणार? फाउंड्रीची गोष्ट त्यांनी आपणहून सांगायची सोडली होती. आम्ही दोघींनी ती पुन्हा कधी मागितली नाही.

नंतर काही महिन्यांनी कंपनीने मला काम दिलं, पॅकिंगमध्ये, ठेकेदाराकडून. मशीनवर साड्यांना फॉल लावून घर चालत नव्हतं. लोक म्हणाले कंपनीने लक्षात ठेवलं हो. बसने कुरुळीला उतरते, चालत आत जाते, खोक्यांना पट्ट्या मारते.

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हात धुवायला त्याच खोलीत गेले. नळांची ओळ तीच, कट्टा तोच. ॲप केव्हाच बंद पडलं होतं. फोन कुणी बाहेर काढत नव्हतं. माझ्या पाठोपाठ पॅकिंगमधली एक बाई आली, आत येता येता हात वर नेला आणि पंख्याचं बटण बंद केलं. खडखड थांबली. मी विचारलं, “का बंद केलात?” ती नवीनच होती, माझ्या दोन महिने आधी लागलेली. ॲप तिने बघितलंही नव्हतं. “इथं असंच करतात,” ती म्हणाली. “लिहिलंय ना ते.”

कागद तिथेच होता. एक कोपरा ओला होऊन सुटला होता, हिरवा रंग पिवळट पडला होता, पण अक्षर स्पष्ट. मी बटण चालू केलं. पंखा थोडा अडला आणि फिरायला लागला. त्या बाईने माझ्याकडे बघितलं आणि हात धुवायला लागली. दुसऱ्या दिवशी गेले तर पंखा बंद होता. मी पुन्हा चालू केला. असे बरेच महिने गेले. मी चालू करायचे, कुणीतरी बंद करायचं, कुणाला कारण माहीत नाही. सुपरवायझरला सांगितलं तर म्हणाला, काढतो वहिनी, आणि विसरला. आणि मी स्वतः हात वर करून कागद ओढावा, तर तो माझ्याच्याने ओढवत नव्हता. एवढं घोटून लिहिलेलं त्याचं दुसरं काहीच माझ्याकडे नाही. त्या कागदाखाली उभी राहून मी मनात त्याच्याशी भांडायचे. तुला आबांची गोष्ट पाठ होती, म्हणायचे. पाठ होती रे तुला.

शेवटी एके दिवशी नखाने चिकटपट्टी उकरून, फाटू न देता, मी तो काढला. दुमडून डब्याच्या पिशवीत ठेवला आणि घरी आणला. कुठेतरी खोल ठेवून द्यायचा असं ठरवलं होतं. पण पिशवी रिकामी करताना तो कॉटवर पडला, सासऱ्यांच्या पायाशी. त्यांनी उचलून उलगडला. मागचं झाड बघितलं, मग अक्षरांवरून बोट फिरवलं. वाचता येत नसलं तरी मुलाचं अक्षर त्यांना कळलं.

“त्येचं हाय,” ते म्हणाले. “काय लिवलंय?”

त्यांनी माझी वाट बघितली नाही. वाचायचं असलं की ते नातीकडेच देतात. मुलगी आता सातवीत आहे. तिने कागद हातात घेतला. तिने तो ओळखला, कारण तो तिचाच होता. वरपासून खालपर्यंत बघितला, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि टीव्हीवरची अक्षरं वाचायची तशा मोठ्या आवाजात वाचलं.

“हात धुवा.”

सासऱ्यांनी कागद परत घेतला, घडी घातली आणि उशीखाली सरकवला.

“धुयाचा बिचारा,” ते म्हणाले. “लई धुयाचा.”